खांद्याचा हिशेब

आमच्या माजलगावात फास्ट बॉलर तिशीतच म्हातारा होतो. टेनिस बॉलच्या स्पर्धांत विशीत दांडी उडवणारा पोरगा दहा वर्षांनी पंच होतो, नाहीतर कॉमेंट्रीचा माइक धरतो. मी चौतीस वर्षांचा आहे आणि खांदा दुखतोय. म्हणून हल्ली मला झहीर खानच्या विकेटांपेक्षा त्याचं थांबणं जास्त जवळचं वाटतं.

झहीर श्रीरामपूरचा, म्हणजे आपल्यासारख्याच ऊसपट्ट्यातल्या तालुक्याच्या गावचा. 2000 साली नैरोबीत त्याने स्टीव्ह वॉचा यॉर्करवर त्रिफळा उडवला आणि आम्हा पोरांना फक्त त्याचा वेग दिसला. 2003 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये त्याच वेगवान बॉलरच्या पहिल्या ओव्हरला 15 रन्स गेल्या. पुढे तो भारतीय संघाबाहेरही गेला.

2006 मध्ये तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर काउंटीकडून खेळला. रनअप छोटा केला, रोज ओव्हरवर ओव्हर टाकल्या आणि त्या सीझनला 78 विकेट घेतल्या. वेग थोडा गेला, पण डोकं आणि मनगट कामाला लागलं. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजला 9 विकेट घेत त्याने कसोटी जिंकून दिली आणि त्याच जोरावर भारताने इंग्लंडमधली मालिका जिंकली. 2011 च्या वर्ल्ड कपमध्ये त्याच्या 21 विकेट होत्या.

त्याच वर्षी लॉर्ड्सवर कसोटीच्या पहिल्याच दिवशी मांडीमागचा स्नायू दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला. तरी तो परत आला. 2014 मध्ये वेलिंग्टनला, पस्तिसाव्या वर्षी, मॅक्युलम 302 काढत असताना झहीरने एकाच डावात 51 ओव्हर टाकल्या आणि 5 विकेट घेतल्या. ती त्याची 92 वी आणि शेवटची कसोटी ठरली. त्याच्या 311 विकेट झाल्या होत्या. भारतीय वेगवान गोलंदाजांत तेव्हा त्याच्या पुढे फक्त कपिल देव होता.

ऑक्टोबर 2015 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. कारण साधं दिलं: दिवसाला अठरा-एक ओव्हर टाकायचा ताण आपला खांदा सोसणार नाही.

मला हे पटतं. एखादा भारी बॉल आपल्या सगळ्यांकडूनच अजून पडतो आणि त्याच एका बॉलच्या नादाने आपण वर्षानुवर्षं थांबत नाही. झहीरने हिशेब अठरा ओव्हरचा केला.