फाइल आपली, किल्ली कुणाची?

शिष्यवृत्ती रखडलेल्या मुलांची यादी एका कार्यकर्त्याने घरी, ऑफिस २००७ वर टाइप करून आणली. आमच्या अभ्यासिकेतल्या संगणकावर ऑफिस २००३; फाइल उघडेचना. निवेदन त्याच दिवशी द्यायचे होते! चूक आमचीच, आवृत्ती विचारलीच नव्हती. २००७ पासून वर्ड आपोआप 'डॉक'ऐवजी 'डॉकएक्स'मध्ये साठवते. जुन्या वर्डला ती उघडता यावी म्हणून जोड-संच फुकट मिळायचा, पण इंटरनेट कुठे होते? शेवटी सायबर कॅफेत 'सेव्ह ॲज'मध्ये '९७-२००३' निवडले, तेव्हा यादी छापली.

काही मित्र म्हणाले, नवे ऑफिसच घ्या. वर्गणीतून? आणि पुढची आवृत्ती आली की पुन्हा वर्गणी? 'ओपन डॉक्युमेंट' हा खुला साचा २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, तो उघडायला लिबर ऑफिस फुकट मिळते. आता प्रत्येक निवेदन आम्ही त्यात ठेवतो, मराठी युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमधली पत्रके मात्र अजून पुन्हा टाइप करतो आहोत.