जपानांतील आमची मास्तरकी

परदेशीं राहून आलेल्या मनुष्यास घरीं परतल्यावर दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, तेथें जेवणाचे हाल झाले काय; आणि दुसरा, पगार किती मिळे. आमच्या बाबतींत पहिल्याचें उत्तर लांबलचक होतें, दुसऱ्याचें फारच आंखूड. २०१७ च्या एप्रिलपासून २०१९ च्या मार्चअखेर आम्ही जपानांत मात्सुए या शहरीं होतों. गेलों होतों तेथील विद्यापीठांत शिकावयास. परंतु आठवड्यांतून दोन संध्याकाळीं वस्तीच्या समाजमंदिरांत आणि एक दिवस एका प्राथमिक शाळेंत आम्ही इंग्रजी शिकवीत असूं, व तेंही बिनपगारी. “बिनपगारी?” आमच्या थोरल्या काकांनीं चष्मा कपाळावर चढवून विचारलें, “आणि जपानी लोकांना इंग्रजी शिकवायला पुण्याहून माणूस लागतो होय?” काकांचा प्रश्न खोचक असला तरी गैर नव्हता. तोच प्रश्न निराळ्या शब्दांत आम्हांस तेथेंही ऐकावा लागला होता. ती हकीगत पुढें येईल.

मात्सुए हें शिमाने प्रांताचें मुख्य ठिकाण. तोक्यो-ओसाकाच्या गजबजाटापासून दूर, जपानी समुद्राच्या बाजूस, शिंजी सरोवराच्या कांठीं वसलेलें. १६११ सालीं बांधून झालेला तेथील किल्ल्याचा लांकडी मनोरा अजून उभा आहे. किल्ल्याच्या खंदकांतून होड्या फिरतात, आणि ठेंगणा पूल आला कीं होडीचें छप्परच खालीं दबतें व उतारू निमूटपणें माना वांकवितात. हवा म्हणाल तर कोंकणची सख्खी बहीण. ‘जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरूं नकोस’ अशी त्या बाजूची म्हणच आहे, आणि तिची प्रचीति येण्यास फार दिवस लागत नाहींत.

सकाळीं सायकलीवरून निघालें म्हणजे सरोवरांत शिजिमी नांवाच्या बारीक शिंपल्या काढणाऱ्या होड्या दिसत. कोळी लांब दांड्याचें दंताळें तळाशीं ओढीत उभे असत. ह्या शिंपल्यांचें सार हें त्या शहराचें भूषण, आणि आमची अडचण. मांस टाळणें सोपें. पण माशाचा अर्क तेथें आपल्याकडील फोडणीसारखा सर्व पदार्थांत मुरलेला असतो. शेवटीं कोंबु नांवाच्या समुद्रांतल्या वनस्पतीचा अर्क काढून आम्ही आपलें सार आपल्या खोलींत करूं लागलों. गोडाची मात्र ददात नव्हती. मात्सुएचे लोक साध्या दुपारींही हिरव्या चहाची पूड घुसळून घेतात व बरोबर एखादी नाजूक मिठाई असते. तिच्या आंत अझुकी नांवाच्या तांबड्या कडधान्याचें गोड पुरण. वेलची-जायफळावांचून पुरण ही कल्पना प्रथम जड गेली. पुढें पुढें मिठाई कमी पडूं लागली.

शाळेचा दिवस आम्हांस फार आवडे. दारांतच बाहेरचे जोडे फडताळांत ठेवून आंतले निराळे जोडे घालावयाचे. दुपारीं पांढरे झगे व टोप्या घातलेलीं मुलेंच जेवणाचीं भांडीं गाडीवरून वर्गांत आणीत व एकमेकांस वाढीत. सर्वांचें वाढून झाल्यावर हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणावयाचें, म्हणजे ‘आम्ही हें नम्रपणें स्वीकारतों’, आणि मगच पहिला घांस. आमचा डबा निराळा असला तरी हात सर्वांबरोबर जोडले जात. जेवणानंतर सफाई. मुलें फडकीं पिळून, दोन्ही हात जमिनीस टेकून, रांगेनें धांवत वर्गाची लांकडी जमीन पुसून काढतात. जिने, खिडक्या, बऱ्याच शाळांत शौचकूपही मुलेंच धुतात. आमच्या आजीच्या काळीं वाड्यांत झाडणारी बाई मागल्या दारानेंच येई आणि ती ओसरीस शिवूं नये म्हणून घरांत काय काय तारांबळ उडे, ही गोष्ट आमच्याकडे अजून गमतीनें सांगतात. दहा वर्षांच्या मुलांच्या रांगेंत फडकें पिळतांना आम्हांस ती गंमत वाटेना.

तेव्हां पांचवी-सहावीस इंग्रजी असे तें खेळ-गाण्यांच्या रूपानें. २०११ पासून तें सक्तीचें झालें होतें. परीक्षेचा विषय म्हणून तें ह्या वर्गांत आलें २०२० सालीं, आणि खेळगाणीं तिसरीपर्यंत खालीं सरकलीं. ‘हाऊ आर यू?’ असें विचारतांच सगळा वर्ग एका सुरांत उत्तर देई, ‘आय अॅम फाइन, थँक्यू, अँड यू?’ एकदां एक मुलगा तोंडाला पट्टी बांधून, तापानें डोळे लालबुंद झालेला, तोही त्याच सुरांत ‘फाइन’ म्हणाला. वर्गशिक्षिकाबाईंनीं त्याच्या कपाळास हात लावून पाहिला आणि घरीं फोन केला. पाठ केलेली भाषा कोठवर पोंचते तें त्या एका शब्दानें आम्हांस दाखविलें.

लहान मुलें निदान ओरडत तरी. समाजमंदिरांतील प्रौढ विद्यार्थी मौन धरीत. ह्या समाजमंदिरांस तेथें कोमिनकान म्हणतात. युद्धानंतर तीं गांवोगांव निघालीं आणि १९४९ च्या समाजशिक्षणाच्या कायद्यानें त्यांस बैठक मिळाली. एका खोलींत पुष्परचना, दुसरींत सुलेखन, तिसरींत आमचें इंग्रजी. आमच्या वर्गांत दहा-बारा मंडळी, बहुतेक साठीच्या पुढचीं, आणि सर्वजण आम्हांस ‘सेन्सेई’ म्हणत. ह्या शब्दाच्या दोन चिन्हांचा अर्थ ‘आधीं जन्मलेला’. पंचविशीही न गांठलेल्या आम्हांस पंचाहत्तरीच्या गृहस्थानें कमरेंत लवून असें म्हणावें, हें ऐकून कान तापत. ह्या मंडळींचें व्याकरण पक्कें होतें. शाळेंत वर्षानुवर्षें घोटलेलें. परंतु प्रश्न केला कीं प्रत्येकजण वाक्य मनांत जुळवी, तपाशी, पुन्हां तपाशी. आणि तपासणी पुरी होईपर्यंत संभाषण पुढें निघून गेलेलें असे. चुकण्यापेक्षां न बोलणें बरें, हा तेथील शिष्टाचारच म्हणाना.

पहिल्याच हिवाळ्यांत शिष्यवृत्ति अपुरी पडूं लागली म्हणून आम्हीं एका खासगी भाषावर्गांत शिकवणीची चौकशी केली. चालकांनीं चहा दिला, आमच्या इंग्रजीची तोंडभर स्तुति केली, आणि अत्यंत विनयानें सांगितलें कीं मुलांच्या पालकांस शिक्षक इंग्लंड-अमेरिकेचा लागतो. काकांचा प्रश्न तो हाच. राग आला हें खरें. परंतु परततांना मनांत आलें कीं पुण्याच्या पालकांनीं तरी निराळें काय म्हटलें असतें? कॉन्व्हेंटी उच्चारांचें कौतुक आमच्या घरींही कांहीं थोडें नव्हतें.

त्या आठवड्यांत वर्गांतील एका सेवानिवृत्त शिक्षकांनीं, बहुधा आमचा उतरलेला चेहरा पाहून, जपानींत विचारलें, “सेन्सेई, आपण घरीं आईशीं कोणत्या भाषेंत बोलतां?” आम्हीं मराठीचें नांव सांगितलें, तें कोणीं ऐकलेलें नव्हतें. “मग इंग्रजी आपणही शाळेंतच शिकलां?” होय म्हणतांच खोलींत हालचाल झाली. इतके दिवस ज्यास तीं परीक्षक समजत होतीं तो त्यांच्याच बांकावरचा निघाला. म्हणून दाखवा म्हणाले, म्हणून आम्हीं फळ्यावर आपली वर्णमाला लिहून वाचली. ते गृहस्थ उठले व शेजारीं त्यांनीं त्यांची लिहिली: अ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. वाचकांनीं ही ओळ आपल्या कवर्ग, चवर्ग, टवर्गाशेजारीं ठेवून पाहावी. हा क्रम योगायोगाचा नव्हे. बौद्ध भिक्षूंनीं संस्कृत मंत्रांसाठीं सिद्धम् लिपीचा अभ्यास केला त्यांतून तो तेथें रुजला. पवर्गाच्या जागीं ‘हा’ कां, तर आजचा त्यांचा ‘ह’ प्राचीन काळीं ‘प’ होता असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. त्यांस ‘र’ आणि ‘ल’ यांतला भेद ऐकूं येत नाहीं, ‘राइट’ आणि ‘लाइट’ दोन्ही ‘राइतो’ होतात. तशी आम्हां मराठी माणसांस इंग्रजींतल्या दोन ‘व’कारांची अडचण, हें आम्हीं सांगितलें. ‘ळ’ म्हणण्याचा सर्वांनीं प्रयत्न केला. त्या दिवशीं प्रथमच वर्गांत चुकण्याचा आवाज झाला.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मोरी आरिनोरी नांवाच्या मुत्सद्द्यानें १८७२ च्या सुमारास जपाननें इंग्रजीच स्वीकारावी असा विचार मांडला होता. तो कोणीं मानला नाहीं. डॉक्टरी, इंजिनियरी, कायदा, सर्व विद्या त्यांनीं आपल्या भाषेंत आणल्या. आमच्या मुंबई विद्यापीठानें १८५७ पासून इंग्रजीची शिडी लावली; जो चढला तो वर, बाकीचे खालीं. अण्णासाहेब कर्व्यांनीं जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ सालीं आपलें विद्यापीठ काढलें व शिक्षण मातृभाषेंतून ठेविलें, तो मोठाच अपवाद. म्हणूनच आमच्या जपानी विद्यार्थ्यांस इंग्रजी पोटासाठीं नको होतें. मग कशासाठीं? बहुतेकांचें उत्तर ‘छंद’ असें होतें. एका बाईंचें नव्हतें.

ह्या बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मुलगी कॅनडांत लग्न करून राहिलेली, नातू नऊ वर्षांचा. लहानपणीं तो थोडें जपानी बोले. शाळेंत जाऊं लागल्यावर तें गेलें. दर रविवारीं फोनच्या पडद्यावर नातू दिसे, आजी हात हालवी, नातू हात हालवी, आणि बोलणें संपे. आपल्यांतील किती घरांत रविवार असाच जातो हें आम्हीं वाचकांस सांगावयास नको. २०१८ च्या ऑगस्टांत, पितरांच्या ओबोन सणास, मुलगी व नातू यावयाचे होते. बाईंनीं वहींत चाळीस वाक्यें तयार केलीं. एकेका वाक्यास आठवडा. चूक राहिली तर मुलास आजी अडाणी वाटेल, ही त्यांची धास्ती कांहीं केल्या जाईना.

त्यांस आम्हीं त्यांच्याच शहरची कथा सांगितली. लाफ्काडिओ हर्न हा १८९० च्या ऑगस्टांत इंग्रजीचा शिक्षक म्हणून मात्सुएस आला, पंधरा महिने राहिला, आणि त्या अनुभवांवर त्यानें लिहिलेला लेख १८९४ च्या त्याच्या पुस्तकांत आहे. तेथील सामुराई कुळांतल्या सेत्सु हिच्याशीं त्यानें संसार केला व १८९६ सालीं कोइझुमि याकुमो हें नांव घेऊन तो जपानी नागरिक झाला. पण त्याचें जपानी अखेरपर्यंत मोडकेंच. प्रत्यय नाहीं, क्रियापदाचीं रूपें नाहींत. त्या घरगुती बोलीस मात्सुएचे लोक ‘हेरुन-सान कोतोबा’, हर्नसाहेबांची बोली, म्हणतात. त्याच बोलींत सेत्सुबाई त्याला भुताखेतांच्या गोष्टी सांगत, आणि त्यांतूनच १९०४ सालचें ‘क्वाइदान’ झालें. बाईंनीं ही कथा शांतपणें ऐकून घेतली. त्यांस ती शाळेपासून ठाऊक होती. आपल्यास लागू आहे असें मात्र कधीं वाटलें नव्हतें म्हणाल्या.

ओबोनच्या पहिल्या रात्रीं त्यांच्या आग्रहावरून आम्ही गेलों. नातू प्रवासानें पेंगुळलेला. चाळीस वाक्यांपैकीं एकही आजींस आठवेना. बराच वेळ गेल्यावर, घामानें सर्वांचीं अंगें भिजलेलीं असतांना, त्या एकाएकीं म्हणाल्या, “यू कोल्ड?” मुलगा चकित होऊन म्हणाला, “नो! हॉट!” “हॉट,” आजी म्हणाल्या, आणि आंतून कलिंगड घेऊन आल्या. आम्ही लवकर उठलों.

सप्टेंबरांत वर्ग पुन्हां सुरू झाला तेव्हां बाई नवी वही घेऊन आल्या. “सेन्सेई, आभार मानणें, विचारपूस करणें पुष्कळ झालें,” त्या म्हणाल्या, “आतां रागवायचें कसें तें शिकवा. तो ताटांत टाकतो.” आम्हीं फळ्यावर वाक्य लिहिलें. शेजारच्या गृहस्थांनीं मुलास लवकर उठविण्याचें मागितलें, मागच्या बाईंनीं फोन खालीं ठेवण्याचें. सगळीं एकदम बोलत होतीं, चुकत होतीं, एकमेकांस खोडीत होतीं. नऊ वाजून गेले तरी कोणी उठेना, तेव्हां समाजमंदिराचे रखवालदार दिवे मालवावयास दारांत येऊन उभे राहिले.