तात्पर्य नसलेली भिंत

आजोळच्या माजघरात यमलोकाची तसबीर होती. मधोमध यमराज, शेजारी वही उघडून बसलेला चित्रगुप्त आणि भोवतीच्या चौकटींत शिक्षा. कुणाला करवतीनं कापताहेत, कुणी उकळत्या तेलात. माझी काही लबाडी उघडी पडली की आजी नुसतं तिकडे बोट करायची. खोटं बोलणं काही थांबलं नाही. त्या भिंतीकडे बघणं तेवढं थांबलं. रात्री पाणी प्यायला उठलो, तर डोळे मिटून माजघर ओलांडायचो.

अशा छापील चित्रांची पाळंमुळं एकोणिसाव्या शतकात आहेत. सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी १८२८ साली इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या. पुढे मिशनऱ्यांच्या ‘बालबोधमेवा’ मासिकानं मुलांना चित्रं दाखवत सद्गुण सांगितले. १८७८ साली पुण्यात चिपळूणकरांच्या पुढाकारानं चित्रशाळा निघाली आणि शिळाछापावरची रंगीत पुराणं घरोघर गेली. चित्रांतून नीती सांगणं आपल्याला नवं नव्हतं. पिंगुळीचा चित्रकथीही चित्रं दाखवत गोष्ट सांगायचा, पण त्याची पोथी खेळ संपला की बांधली जायची. छापील तसबीर खिळ्यावर चढली ती उतरलीच नाही. गोष्ट सांगणारा माणूस निघून गेला, मागे धाक राहिला.

हे सगळं आठवलं ते डहाणूजवळच्या गंजाडात, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांच्या गावात. गेरूनं सारवलेली कुडाची भिंत, तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा. तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा वेढा. वाजवणाऱ्याला पाठ दाखवायची नाही, हा या नाचाचा नेम. तो चित्रात दिसतो, पण खाली कुणी लिहून ठेवलेला नाही. वेढ्यातली माणसं एकाच मापाची. मुंगी आहे, ताडावर चढलेला गडी आहे. शिक्षा भोगणारं कुणी नाही. दोन पोरं भिंतीला नाक लावून काहीतरी शोधत होती.

धाकाची नीती या मुलखाला अनोळखी होती असं नाही. मालकाचं निमूट ऐकावं, हेच तात्पर्य सावकार-जमीनदारांनी पिढ्यान् पिढ्या वेठीला धरून शिकवलं. ते झुगारायला वारली १९४५ साली झरीला जमले. ते गाव आज तलासरी तालुक्यात आहे.

त्याच वर्षी बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाड्यांवरच्या मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्याच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला कुरणशाळा भरली. ‘स्वच्छ राहावे’ असं चित्राखाली छापता आलं असतं. बायांनी आधी मुलांना अंघोळ घातली, केस विंचरले. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर राबल्या होत्या. मुलाला भीती घालून शिकवायचं नाही, हा गिजुभाईंच्या शाळेचा पाया होता.

आजीवर माझा राग नाही. तिलाही कुणीतरी तसंच बोट दाखवलं असणार. हल्ली नातीला इसाप वाचून दाखवताना शेवटची ठळक ओळ मी गाळतो. ती अजून कोल्ह्याच्या शेपटीवरच बोट ठेवून बसलेली असते. पान उलटायची घाई मलाच असते.