बाई, याला वासच नाही!

मुलांनो, शाळेत प्रदर्शन मांडायचं म्हटलं की तुम्ही काय करता? तक्ते रंगवता, थर्माकोल कापता आणि पाहुणे आले की पाठ केलेली माहिती धडाधडा म्हणून टाकता. खरं ना? आम्हीही तेच केलं होतं.

मी भाईंदरला प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या चौथीच्या वर्गाने ‘समुद्र वाचवा’ हा विषय घेतला. निळ्या कागदाच्या लाटा केल्या, थर्माकोलचा भलामोठा देवमासा छताला टांगला. सगळे खूष! एवढ्यात उत्तनहून येणारी एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, याला वासच नाही.”

वर्ग खो खो हसला. मला मात्र हसू येईना. तिचे पप्पा मासेमारीला जातात. तिच्या दारातच समुद्र. आमच्या समुद्राला ना वास होता, ना आवाज. वर समुद्र वाचवायला आम्ही वापरला तो थर्माकोल! त्याचे तुकडे पाण्यात गेले की वर्षानुवर्षं कुजत नाहीत. मग ठरलं. तक्ते उतरवायचे आणि आधी खरा समुद्र बघून यायचा.

चला, तुम्हीही या आमच्याबरोबर. आधी नकाशा उघडा. मुंबईच्या उत्तरेला, साष्टी बेटाच्या टोकाला मीरा-भाईंदर सापडेल. त्याच्या उत्तरेला वसईची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर बस धरली, की मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावं मागे टाकत आपण उत्तनला पोहोचतो. वाटेत मिठागरं दिसतात आणि खाडीच्या चिखलात उभी तिवरांची झाडं. चिखलातून पेन्सिलींसारखी टोकं वर आलेली दिसली का? ती तिवरांची मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून ती वर येऊन श्वास घेतात. या मुळांच्या आडोशाला माशांची, कोळंबीची, खेकड्यांची पिल्लं वाढतात. म्हणजे ही समुद्राची बालवाडीच की! खारफुटीची ही झाडं इतकी मोलाची, की २०२० साली महाराष्ट्राने त्यांतल्या पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला.

उत्तनला उतरलो, तर आधी नाकालाच कळलं! बांबू रोवून, दोऱ्या ताणून त्यांवर बोंबील वाळत होते. या मांडवाला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले की जोडी दोरीवर आपोआप लटकते. ना चिमटा, ना गाठ!

किनाऱ्यावर एक आजोबा जाळं विणत बसले होते. ते होतं डोल. ही जाळ्याची लांबलचक पिशवी असते. तोंड रुंद, शेपूट निमुळतं. समुद्राच्या तळाशी खुंट रोवून तिला बांधतात. डोल माशांच्या मागे धावत नाही. भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून वाहतं आणि त्याबरोबर आलेले मासे आत अडकतात.

“आणि कचरा?” एका मुलाने विचारलं.

आजोबांनी बाजूच्या ढिगाकडे बोट दाखवलं. पिशव्या, वेफर्सची पाकिटं, एक चप्पल. ते म्हणाले, “डोल कुणाला बोलवत नाही, बाळा. पाणी आणील ते घेते. मासे निवडायला लागतो त्याहून जास्त वेळ हे निवडायला लागतो.”

महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ सालापासून बंदी आहे. तरी त्या तिथे होत्या. परतीच्या बसमध्ये नेहमीसारखी गाणी झाली नाहीत.

मग आम्ही नव्याने प्रदर्शन मांडलं. या वेळी तक्ता एकही नाही. पाहुण्यांनी चपला बाहेर काढायच्या आणि अंधाऱ्या खोलीत वाकून शिरायचं. सुरुवात कुठून? गटारापासून! काळ्या कापडाच्या अरुंद बोगद्यातून पुढे जायचं. कारण इमारतीचं गटार नाल्याला मिळतं, नाला खाडीला आणि खाडी समुद्राला. बोगदा संपला की पायाखाली ओला चिखल. त्यात मुलांनी वापरून संपलेल्या पेन्सिलींचे तुकडे उभे रोवले होते. ही झाली तिवरांची मुळं. कोपऱ्यात मोबाइलवर उत्तनच्या लाटांचा आवाज लावला होता. एका टोपलीत सुके बोंबील ठेवले होते. आणि छतापासून लोंबत होतं खरंखुरं, फाटलेलं डोल. ते आजोबांनीच दिलं होतं. त्यात आम्ही किनाऱ्यावरून धुऊन आणलेला कचरा अडकवला होता.

जाळ्याच्या शेपटाशी पुठ्ठ्याचं कासव होतं. तिथे पाहुण्यांना एक प्रश्न विचारायचा : “जाळं कापाल, की कासव मरू द्याल?” कासव राहतं पाण्यात, पण श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. जाळ्यात अडकलं तर ते गुदमरतं. पण जाळं कापलं तर कोळ्याचं नुकसान होतं, त्याचं काय? बरेच पाहुणे गप्प व्हायचे. मग मुलं उत्तर सांगायची. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात अशी योजना आहे, की जाळं कापून कासवासारख्या संरक्षित प्राण्याला सोडलं तर कोळ्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. म्हणजे प्राणी वाचवायचा, तर माणसाची भाकरीही सांभाळावी लागते.

प्रदर्शन उघडायच्या आधी आम्ही त्या उत्तनच्या मुलीला एकटीलाच आत पाठवलं. पहिली परीक्षक तीच! ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा म्हणाली, “बाई, आता वास येतोय.” आम्ही टाळ्या वाजवणार, इतक्यात तिने पुढे सांगितलं, “पण प्लॅस्टिक कमी लावलंय. खरं याच्याहून जास्त असतं.”

आम्ही ते वाढवलं. वाढवताना आनंद झाला नाही, पण खोटं प्रदर्शन काय कामाचं?

मुलांनो, असं प्रदर्शन तुमच्याही शाळेत होऊ शकतं. खर्च फार नाही. फक्त आधी जाऊन बघायला हवं. ठाणे खाडीकाठी ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. २०१७ साली सुरू झालं. आईबाबांना सांगून हिवाळ्यात तिथे जा, म्हणजे खाडीतले रोहित पक्षीही भेटतील. आणि जायला नाही जमलं, तर आज शाळेतून घरी जाताना एवढंच करा. फाटकाबाहेरच्या गटारापाशी क्षणभर थांबा आणि शोधा, हे पाणी पुढे कुठे जातं?

शोधत गेलात, तर समुद्रच भेटेल. नाकाला आधी कळेल!