तीन चिमटे

विजेचं बिल वाढलं की घरात आधी बाईकडे बघतात. मिक्सर किती वेळ लावलास, इस्त्री आत्ताच कशाला हवी. आमच्याकडे हे सगळं धाकट्या जावेच्या गिरणीवर येऊन थांबलं. मागच्या सोप्यात तिची एक हॉर्सपॉवरची पिठाची गिरणी आहे. शेजारपाजारचं दळण दळून ती मुलीच्या कॉलेजची फी भरते. सासरे म्हणाले, "गिरणी बंद करा." ती काहीच बोलली नाही. मला तेच लागलं.

माझा भाचा उद्यमबागेत एका कारखान्यात आहे. त्याला म्हटलं, कुठल्या वस्तूला किती वीज लागते ते मोजता येतं का रे? कारखान्यात नवाच आलेला एनर्जी लॉगर मालकांना विचारून तो आठवड्यापुरता घेऊन आला. "मावशी, वायरी वायरमन जोडेल, पण सेटिंग तूच कर. उद्या कुणी शंका काढली तर उत्तर तुलाच द्यायचंय."

आधी बॅटरी पूर्ण चार्ज केली. मग तारीख आणि वेळ. घड्याळ चुकलं तर सकाळचा खर्च रात्रीच्या नावावर पडायचा. नंतर जोडणीचा प्रकार: सिंगल फेज, तीन सर्किट. एक चिमटा मेनवर, एक गीझरच्या वायरवर, एक गिरणीच्या. कुठला चिमटा किती अँपिअरचा, तेही मशीनला सांगावं लागतं. नोंद दर पाच मिनिटांनी ठेवली. तासाची ठेवली असती तर अर्धा तास चाललेला गीझर सरासरीत दडून गेला असता.

चिमटा कसा लावायचा ते भाच्याने इस्त्रीच्या वायरवर दाखवलं. इस्त्री तापलेली, आणि चिमटा अख्ख्या केबलभोवती लावला तर आकडा शून्य! वीज एका तारेनं जाते, दुसरीनं परत येते. दोन्ही एकत्र धरल्या की एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून एकच तार चिमट्यात घ्यायची, बाण उपकरणाच्या दिशेनं ठेवायचा आणि तोंड घट्ट मिटायचं. बाण उलटा असला तर आकड्यापुढे वजा येतो.

बोर्ड मात्र वायरमननेच उघडला. मेन बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूला वीज असतेच, तिथं आपण हात घालायचा नाही. व्होल्टेजच्या दोन वायरी त्यानेच लावल्या. मग मी गीझर चालू केला. पडद्यावर दोन हजार वॅटच्या आसपास आकडा आला. गिरणीत गहू टाकले, तिचाही आकडा उठला. दोन्ही पटले तेव्हा नोंद सुरू केली. सण नाही, पाहुणे नाहीत, असे सात दिवस निवडले होते. गिरणी जपून चालव, असं जावेला मुद्दाम सांगितलं नाही. रोज चालते तशीच चालायला हवी होती.

हजार वॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. सात दिवसांत घराची अठ्ठावन्न युनिटं झाली. गीझरची एकवीस. गिरणीची पाच. आंघोळी उरकल्यावरही गीझरचं बटण चालूच राहतं, हे पाच-पाच मिनिटांच्या नोंदीत स्वच्छ दिसत होतं.

कागद सासऱ्यांपुढे ठेवला. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "गिरणी राहू दे." एवढंच. क्षमा वगैरे कुणी मागितली नाही, जावेला ती नकोही होती. पण एक मला पटलं. घरात जिच्या कामाचा आवाज होतो, तिच्यावर खर्चाचा आळ लवकर येतो. गीझर गुपचूप खातो, गिरणी ओरडून दळते. बायांनो, आळ यायच्या आधी मोजून घ्यावं.

जावेनं दळणाच्या वहीत आता एक नवा रकाना आखलाय: वीज. आठवड्याच्या पाच युनिटांचे पैसे ती आपण होऊन बिलात घालते. सासरे नको म्हणाले, तर म्हणाली, "माझं किती ते कळलंय मामंजी, तेवढं मी देणार."