व्हाया ओझर

आमच्या घरात दोन बँकर. एक मी आणि दुसरे आमचे अण्णा. फरक इतकाच की मी बँकेत कारकून आहे आणि अण्णा खरेखुरे बँकर होते. इगतपुरीबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा केला पाहिजे. कसाऱ्याहून इगतपुरीला येताना थळ घाटाचा चढ आहे सदतीस फुटांत एक फूट. 1865 साली रेल्वे इथून वर चढली तेव्हापासून हा चढ काही कमी झालेला नाही. एकट्या इंजिनाच्या आवाक्यातलं ते काम नव्हे, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटाशी जादा इंजिनं लावतात. ती गाडी ढकलत वर आणतात, इगतपुरीला सुटतात आणि पुन्हा खाली जातात, पुढच्या गाडीला ढकलायला. या इंजिनांना म्हणतात बँकर. अण्णा ती चालवत. माझ्या लग्नाच्या वेळी मध्यस्थाने ‘मुलगा बँकर, मुलाचे वडीलही बँकर’ असं सांगून सासरेबुवांना बेसावध गाठलं होतं. तो विषय आमच्याकडे दर दिवाळीला निघतोच.

तर अण्णांची नोकरी म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटर वर आणि तेवढेच खाली. अशी तीस वर्षं. पावसाळ्यात माणसं खास घाट बघायला येतात, खिडकीसाठी एकमेकांशी भांडतात. पण मागून ढकलणाऱ्याला समोर काय दिसणार? शेवटच्या डब्याची पाठ. उतरताना घाट मोकळा असायचा, पण तेव्हा सगळा जीव ब्रेकमध्ये. कोणी घाटाच्या सौंदर्याबद्दल बोलू लागलं की अण्णा म्हणायचे, “ते पॅसेंजरला विचारा. मला शेवटच्या डब्यावरच्या फुलीबद्दल काय विचारायचं ते विचारा.” आणि मग हळूच, “एकदा वरून बघायला पाहिजे.” आम्हाला वाटायचं, वरून म्हणजे एखाद्या डोंगरावरून.

2017 च्या 23 डिसेंबरला एअर डेक्कन पुन्हा सुरू झाली. पुन्हा म्हणायचं कारण असं की ही कंपनी एकदा जन्मून एकदा गेलेली होती. कॅप्टन गोपीनाथांनी 2003 मध्ये ती काढली, एक रुपयात तिकिटं विकली आणि विमानावर आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ रंगवला, तोच तो चौकड्यांचा कोट आणि धोतरवाला. पुढे ती मल्ल्यांच्या किंगफिशरमध्ये विरघळली आणि 2012 मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली. कॉमन मॅनला विमानात बसवलं की पुढे असंच होतं, असं आमच्या शाखेतल्या एका अनुभवी शिपायाचं मत आहे.

दुसऱ्या जन्मात तिच्याकडे अठरा माणसांची चिमुकली बीचक्राफ्ट विमानं होती आणि सरकारच्या ‘उडान’ योजनेखाली ती नाशिकहून मुंबईला जाणार होती. तिकीट दीड हजाराच्या आत. मी बातमी मोठ्याने वाचली. अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली.

“कुठून कुठे म्हणालास?”

“ओझरहून मुंबई.”

“म्हणजे आपल्यावरून जाणार.”

मी नकाशा काढून पट्टी लावली. ओझर आणि मुंबई जोडणारी रेघ खरंच इगतपुरीच्या अगदी कडेने जात होती.

आता हिशेब बघा. इगतपुरीहून मुंबईला जायला आम्हाला पंचवटी आहे. स्टेशनात चढावं, डुलकी काढावी आणि अडीच-तीन तासांत मुंबईत उतरावं. ओझर आमच्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर, तेही बरोबर उलट्या दिशेला. म्हणजे आधी पाऊण जिल्हा पालथा घालून मुंबईपासून लांब जायचं, तिथे तास-दीड तास आधी हजर राहायचं आणि मग विमानात बसून आपल्याच घरावरून मुंबईला यायचं. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून मी वेळेचा ताळेबंद मांडला. विमान चाळीस मिनिटं, विमानापर्यंत पोचणं साडेचार तास. पंचवटीपेक्षा दुप्पट वेळ आणि कितीतरी पट पैसे. आमच्या सौभाग्यवतींनी हा ताळेबंद बघितला आणि कपाळाला हात न लावता म्हणाल्या, “अहो, जाऊन या ना. तुमच्या त्या आकड्यांत अण्णा कुठे आहेत?” बँकेत असा प्रश्न कोणी विचारत नाही, त्यामुळे मला उत्तर सुचलं नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. “पास चालतो का?” अण्णांनी विचारलं. निवृत्त रेल्वेवाल्याला फुकट पास असतो, आणि ज्या माणसाने हयातभर पासावर प्रवास केला त्याला तिकीट काढणं म्हणजे जवळजवळ विनातिकीट प्रवासाइतकंच लाजिरवाणं वाटतं. पास चालत नाही म्हटल्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “पण मग दीड हजारात त्यांना परवडतं कसं?”

मी खूश झालो. हा माझा प्रांत. मी समजावलं, की निम्म्या खुर्च्यांचा दर सरकारने बांधून दिलाय, त्यात येणारी तूट सरकार तीन वर्षं भरून देणार, आणि तेवढी वर्षं त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला मज्जाव.

“म्हणजे सरकार बँकर लावतंय,” अण्णा म्हणाले.

“तसंच समजा.”

“मग यांची इगतपुरी कुठे आहे?”

“म्हणजे?”

“अरे, बँकर कुठेतरी सोडावा लागतो. त्याआधी चढ संपला पाहिजे ना!”

मी पुढे नफा-तोट्याचं बरंच बोललो. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. अठरा माणसांच्या विमानालाही उतरायला तेवढीच वेळ राखून ठेवावी लागते जेवढी एकशे ऐंशींच्या विमानाला. मग ती या चिमुकल्याला कोण देणार, वगैरे. पण अण्णांनी एका वाक्यात जे सांगितलं त्याच्या पुढे मी काही गेलो नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, कंपनीने कामकाज थांबवलं आणि सगळ्या नोकरांना बिनपगारी रजेवर पाठवलं. ती बातमीही मीच वाचून दाखवली. घाटात तेव्हा प्रवासी गाड्याही बंद होत्या. अण्णा म्हणाले, “चढावरच उभी राहिली.” पुढे बराच वेळ म्हणाले, “बिचारी पोरं.”

पण आमचं विमान मात्र उडालं. 2018 च्या सुरुवातीचे थंडीचे दिवस होते. ओझरची धावपट्टी मुळात मिग विमानं बनवणाऱ्या कारखान्याची, त्यामुळे तिच्या टोकाला आमचं विमान बैलगाडीच्या अड्ड्यावर सायकल लावावी तसं दिसत होतं. आत दोन्ही बाजूंना एकेकच खुर्ची. म्हणजे प्रत्येकाला खिडकी! रेल्वेच्या गावात जन्मून मला खिडकीसाठी न भांडता बसण्याची सवय नाही, मला उगाच चुकल्यासारखं वाटत राहिलं. हवाई सुंदरी नव्हती. पट्टे कसे बांधायचे ते दुय्यम वैमानिकानेच सांगितलं. “गार्ड नाही या गाडीला,” अण्णा मागे वळून म्हणाले, “सगळं असिस्टंटच बघतो.” तेवढंच. मग त्यांनी माकडटोपी खाली ओढली आणि कपाळ काचेला टेकवलं.

अण्णा डाव्या बाजूला, मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर. पलीकडच्या खिडकीतून वैतरणेचं पाणी चमकलं तेव्हा मी ओरडलो, “अण्णा, धरण!” ते वळले नाहीत. मग डोंगर एकदम तुटले आणि खाली कोकण उघडलं. मी माझ्या खिडकीतून इगतपुरी शोधत होतो, बहुधा चुकीच्या जागी. अण्णा हलत नव्हते. त्या सबंध प्रवासात मला दिसली ती फक्त त्यांची पाठ.

मुंबईत उतरून आम्ही दादरला आलो, डबा उघडला. दशमी अर्धी झाल्यावर ते म्हणाले, “मालगाडी होती.”

“कुठे?”

“एहेगावच्या पुलाच्या वर. मागे दोन लावलेली. चांगलं चालवत होता.”

तेवढ्या उंचीवरून मालगाडी म्हणजे दोऱ्याचा तुकडा दिसतो, मागची इंजिनं मोजता येणं शक्य नाही. हे मी वाणिज्य शाखेचा असूनही सांगू शकतो. मी सांगितलं नाही.

अण्णा 2022 मध्ये गेले. त्यांच्या पाकिटात रेल्वेच्या पासामागे विमानाचा तो कागद घडी करून ठेवलेला निघाला. छपाई उडाली होती, नुसता पांढरा तुकडा. आईने तो परत तसाच ठेवला.

परत येताना गाडीनेच आलो, अर्थात पासावर. कसाऱ्याला गाडी थांबली, मागून धक्का बसला. सगळ्या डब्यात चहावाल्याखेरीज कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. अण्णांनी खिडकीतून मान बाहेर काढली, बराच वेळ मागे बघितलं आणि आत येऊन म्हणाले, “पोरगा नवा दिसतोय.” मग पाय पसरून स्वस्थ बसले. घाटात काळोख होता, बाहेर काहीच दिसत नव्हतं. इगतपुरीचे दिवे आले तसं त्यांनी मला हलवून जागं केलं. “चल, डबा घे. आता सुटेल तो.”