नाव कुणाचं, लाकूड कुणाचं

नव्वदच्या दशकात नागपूरजवळच्या कोराडीत, वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेल्या आम्हा पोरांना बॅटच्या तीनच जाती ठाऊक होत्या : एमआरएफची, नावाची आणि बिननावाची. एमआरएफची सचिनकडे होती. नावाची, म्हणजे एसजी, एसएस किंवा बीडीएमची, कॉलनीतल्या एखाद्या साहेबांच्या मुलाकडे असायची. बाकी आम्ही सगळे बिननावाच्या बॅटवाले. तरीही कुठली बॅट भारी आणि कुठली फालतू याबद्दल आमची मतं पक्की होती, आणि बॅट हातात येण्याच्या कितीतरी आधी ती पक्की झालेली असायची.

आजच्या पोरांची मतंही पक्कीच असतात. फरक एवढाच, की त्यांच्याकडे माहिती असते. संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभं राहिलं, की बारा वर्षांचा मुलगा दोस्ताला सांगताना ऐकू येतो, "ग्रेड टू आहे, आठ ग्रेन, अकराशे ऐंशी ग्रॅम." लाकडावरच्या उभ्या रेषा मोजायच्या असतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला माहीत आहे, की रेषा दाट असतील तर बॅट लवकर खुलते आणि विरळ असतील तर उशिरा खुलते, पण जास्त टिकते. एवढं सगळं सांगून झालं, की तो कंपनीचं नाव घेतो आणि वाद तिथेच मिटतो. आमचाही तिथेच मिटायचा.

आम्हाला बॅट घ्यायची म्हणजे बर्डीला जावं लागे. कोराडीहून बस पकडायची, मोरभवनला उतरायचं आणि वडिलांच्या मागे मागे सीताबर्डीच्या गर्दीतून स्पोर्ट्‌सच्या दुकानात शिरायचं. इंग्लिश विलोच्या बॅटी वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांना हात लावायची आमची टाप नव्हती आणि दुकानदारही त्या खाली काढत नसे. खाली पिंपात उभ्या ठेवलेल्या काश्मीर विलोच्या, त्या आमच्या. एकेक उचलायची, उजव्या हाताने मूठ धरून डाव्या हाताच्या बोटांनी टकटक करून बघायची, मग दुकानदाराकडून जुना बॉल मागून पात्यावर दोन-चारदा टप्पे घ्यायचे. "स्ट्रोक आहे हिला," असं आमच्यातला मोठा पोरगा म्हणाला, की तीच घ्यायची. बिलाचं बघायला वडील होते आणि स्ट्रोकचं बघायला तो.

आता बॅट घरी येते, खोक्यातून. त्याआधी दहा व्हिडिओ बघून झालेले असतात आणि त्यांत कुणीतरी बॅटवर हातोडी मारून तिचा आवाज ऐकवलेला असतो. निवड आमच्यापेक्षा कितीतरी मोठी आणि फसगतीची शक्यता कमी. न आवडलेली बॅट परतही पाठवता येते. बर्डीच्या दुकानातून घरी आणलेली बॅट पहिल्याच आठवड्यात दांड्यापाशी कुरकुरायला लागली, तर ती आमच्या नशिबाची असायची. त्या काळातलं हे काही परत यावं, असं आम्हाला मुळीच वाटत नाही.

नावाची बॅट म्हणजे काय, हे आम्हाला सुनील गावसकरांमुळे कळलं होतं. 31 ऑक्टोबर 1987 रोजी नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर त्यांनी न्यूझीलंडविरुद्ध अंगात ताप असताना 88 चेंडूंत नाबाद 103 धावा केल्या. त्यांच्या कारकिर्दीतलं ते एकमेव एकदिवसीय शतक. त्याच सामन्यात चेतन शर्मानं विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली. कॉलनीतले मोठे लोक तो सामना बघून आले होते आणि पुढे कित्येक वर्षं आम्ही तो त्यांच्याकडून ऐकला. त्यामुळे एसजीची 'सनी टोनी' आमच्यासाठी साधी बॅट नव्हती, ती आमच्या गावात शतक करून गेलेल्या माणसाची बॅट होती. आमच्यातल्या कुणालाही ती मिळाली नाही, आणि म्हणूनच तिच्याबद्दल कुणालाही शंका आली नाही.

या नावांमागची माणसं आम्हाला आता कळली आहेत. एसजी आणि बीडीएम ही दोन्ही नावं मूळची सियालकोटची. फाळणीनंतर तिथले कारागीर आणि कारखानदार सगळं सोडून इकडे आले आणि मेरठ, जालंधरमध्ये त्यांनी पुन्हा रंधा हातात घेतला. काश्मीर विलोचं लाकूड अनंतनाग जिल्ह्यातल्या संगम-बिजबेहाऱ्याच्या बाजूचं, इंग्लिश विलोचं लाकूड जहाजातून येणारं. एकाच शहरातले, कधी एकाच गल्लीतले कारागीर वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॅटी घडवतात. पात्याची ग्रेड ठरते तीही बरीचशी दिसण्यावरून : रेषा सरळ, डाग नाही, तर ग्रेड वन. डागाळलेलं तिसऱ्या ग्रेडचं पातं फटक्याला तितकंच गोड निघू शकतं, पण किंमत गोडीला मिळत नाही, रूपाला मिळते. हे सगळं आजच्या पोरालाही माहीत आहे. तरी तो डाग नसलेली आणि नाव असलेलीच बॅट मागतो. आम्हीही तीच मागितली असती, आमच्या वडिलांना परवडत असतं तर.

बॅट घरी आली, की आमचं खरं काम सुरू व्हायचं. विदर्भ हा जवसाचा मुलूख. घाणीवरून जवसाचं कच्चं तेल बाटलीत आणलं जायचं, आई त्यातलं चटणीला काढून घ्यायची आणि उरलेलं आमच्या वाट्याला यायचं. जुन्या बनियनच्या चिंधीनं ते पात्याच्या पुढच्या बाजूला, कडांना आणि खाली टोकाला लावायचं, दांड्याच्या जोडाला मात्र थेंबही लागू द्यायचा नाही. मग बॅट गच्चीवर आडवी ठेवायची आणि रात्रभर तेल मुरू द्यायचं. सकाळी बघावं तर पात्यावर वीज केंद्राच्या राखेचा पातळ, करडा थर बसलेला असायचा. बोट फिरवलं की त्यावर रेघ उमटायची. ती राख पुसायची आणि पुन्हा तेल लावायचं. असं तीन-चार दिवस झालं, की जुना लेदर बॉल मोज्यात घालून तो दोरीनं टांगायचा आणि बॅट ठोकत बसायचं. दुपारभर आळीपाळीनं ठोकायची, कारण एकाचे हात भरून यायचे. शेजारच्या काकूंची झोपमोड व्हायची आणि त्या ओरडायच्या, तरी ठोकणं थांबायचं नाही. पांढरं लाकूड हळूहळू पिवळसर व्हायचं आणि आवाज बदलायचा, आधी कोरडा ठक्, मग भरीव टोक्. तो आवाज बदलला की सगळ्यांना एकदमच कळायचं.

आता बॅट बहुधा यंत्रावर ठोकूनच मिळते. पात्यावर पारदर्शक कागद चिकटवलेला असतो, तेलाची फारशी गरज उरत नाही. खरं सांगायचं तर हे बरंच झालं. जास्त तेल पाजून आम्ही कितीतरी बॅटी जड आणि मुर्दाड करून टाकल्या. जोवर तेल पीत होती तोवर बॅट जिवंत, असा आमचा समज होता, पण लाकूड त्यानं नासतच होतं. राखेचं तर विचारायलाच नको. ती फक्त बॅटीवर बसत नव्हती, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि आमच्या छातीतही बसत होती. कोराडीचा पहिला संच 1974 मध्ये सुरू झाला. 120 मेगावॉटचे ते जुने संच आता बंद पडले आहेत आणि 660 मेगावॉटचे तीन नवे संच उभे आहेत. त्या राखेसाठी कुणी हळहळावं, असं आम्हाला वाटत नाही. हळहळ वाटते ती चार जणांनी मिळून एक बॅट पिकवण्यासाठी.

आणि मग नाव. 1996 चा विश्वचषक सचिन बिनस्टिकरच्या बॅटीनं खेळला आणि त्यात सगळ्यात जास्त, 523 धावा केल्या. तेव्हा आमची बॅट आणि त्याची बॅट सारखीच कोरी होती. त्यानंतर त्याच्या बॅटीवर एमआरएफची तीन लाल अक्षरं आली आणि 1998 च्या शारजातल्या त्याच्या खेळींनंतर ती प्रत्येक पोराला हवी झाली. टायर बनवणारी ती मद्रासची कंपनी, 1946 साली फुगे बनवण्यापासून सुरू झालेली. सचिनची बॅट तिनं घडवलेली नव्हती, हे आम्हाला कुठून कळणार! आम्ही बर्डीच्या फुटपाथवरून स्टिकर आणायचो आणि तेही न मिळालं तर लाल स्केचपेननं अक्षरं गिरवायचो. अक्षरं आली, की बॅट खरोखर हलकी वाटायची, कव्हर ड्राइव्ह खरोखर सरळ जायचा. 2003 च्या अंतिम सामन्यात पॉन्टिंगनं नाबाद 140 धावा ठोकल्या, तेव्हा त्याच्या बॅटीत स्प्रिंग होती, असं आख्खा देश म्हणत होता आणि आम्हीही म्हणत होतो. लाकडात असं काहीतरी दडलेलं असतं जे आपल्याला मिळत नाही, या समजुतीनं हरलेल्याला मोठा आधार मिळतो.

आज कोराडीतल्या पोराला स्टिकर म्हणजे करार हे पक्कं ठाऊक आहे. कुणाला किती कोटी मिळतात, हे तो तोंडपाठ सांगतो. मुंबईत अश्रफ चौधरींसारख्या कारागिरानं सचिनपासून कोहलीपर्यंत कितीजणांच्या बॅटी दुरुस्त करून दिल्या, हेही त्यानं पाहिलेलं असतं. 2019 च्या विश्वचषकात धोनीनं सुरुवातीच्या काळात आपल्याला साथ दिलेल्या कंपन्यांची स्टिकरं लावली आणि 2024 मध्ये रांचीच्या मित्राच्या दुकानाचं नाव बॅटीवर घेतलं, तेव्हा या पोरांना ते अतिशय आवडलं. आम्हालाही आवडलं. पैशांविना लावलेलं नाव कसं असतं, हे आमच्या स्केचपेनला माहीत होतं.

पण त्या काळाचं सगळं गोड गोड सांगून चालणार नाही. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हा आमचा कायदा होता. तो आउट झाला आणि रागावला, तर बॅट काखेत मारून घरी जायचा आणि खेळ संपायचा. बाहेरून खेळायला येणाऱ्या, बॅट नसलेल्या पोरांना आम्ही दिवसभर फिल्डिंगला उभं करायचो. मुली बॉल आणून द्यायच्या, त्यांना बॅटिंग कधी मिळाली नाही. शेजारच्या खापरखेड्याजवळ, वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या वडिलांच्या घरात उमेश यादव वाढला. वयाच्या एकोणीस-विसाव्या वर्षापर्यंत तो टेनिस बॉलनंच खेळला, आणि 2011 मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. बॉल हातात आला की पुरे, असा तो गोलंदाज होता. बॅटीवाचून मागे राहिलेले फलंदाज या पट्ट्यात किती असतील, त्यांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

आता अकादमी आहे, टर्फ आहे, मुली पॅड बांधून नेटमध्ये उतरतात. विदर्भानं 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा रणजी करंडक जिंकला आणि त्यातले शेवटचे दोन तर इथेच, नागपूरच्या जामठा मैदानावर. प्रत्येकाकडे स्वतःची किट बॅग आहे आणि आपली बॅट दुसऱ्याला द्यायची वेळ कुणावर येत नाही. हे सगळं आमच्या दिवसांपेक्षा निःसंशय चांगलं आहे.

फक्त एक गोष्ट त्यात हरवली आहे. आमच्या मैदानावर बॅटीचं नाव बर्डीहून यायचं, पण तिची कीर्ती मैदानावरच व्हायची. कॉलनीतल्या एका सुतारकाकांनी उरलेल्या फळीतून एक बॅट रंधून दिली होती, बिननावाची, दांड्याला सायकलच्या ट्यूबची ग्रिप. तिनं कुणीतरी पंपहाउसच्या पलीकडे बॉल मारला आणि दुसऱ्या दिवसापासून ती 'पंपहाउसवाली' झाली. मग ती शेजारच्या महादुल्याच्या टीमनं मॅचसाठी मागून नेली, खापरखेड्याला गेली. एसजीवाल्या साहेबांच्या मुलानंही एक दिवस आपली बाजूला ठेवून ती मागितली. ती चांगली आहे, असं कुठल्याही स्टिकरनं सांगितलं नव्हतं. वीस-पंचवीस पोरांनी आपापल्या मनगटांत ते अनुभवलं होतं आणि मग सगळ्यांचं मिळून एक मत झालं होतं. नावापुढे झुकणारे आम्हीच, आणि लाकडानं सिद्ध केल्यावर नाव बाजूला ठेवणारेही आम्हीच. बॅटी कमी होत्या म्हणून त्या सगळ्यांच्या हातांतून जायच्या, आणि सगळ्यांच्या हातांतून जायच्या म्हणून खोट्या नावाचा फार काळ निभाव लागायचा नाही.

आज प्रत्येकाची बॅट त्याच्या एकट्याचीच असते, म्हणून तिच्यावरचं नावही त्याला एकट्यानंच खरं मानावं लागतं. दोस्ताच्या बॅटीशी ताडून बघायची सोय त्याला उरलेली नाही. आमच्या गरिबीनं दिलेली ती सोय होती. ती गरिबी परत यायला नको, पण ती सोय गरिबीवाचूनही राखता येईल.

म्हणून कॉलनीतल्या पोरांना आणि पोरींना आमचं एवढंच सांगणं आहे. नवी बॅट आणली, की पहिल्याच दिवशी ती सगळ्यांना दोन-दोन बॉल खेळू द्या आणि त्यांच्या बॅटीनं तुम्हीही खेळून बघा. नाव मेरठचं असू दे, लाकूड इंग्लंडचं असू दे नाहीतर अनंतनागचं. पण ती चांगली की वाईट, याचा निकाल कोराडीच्या मैदानावरच लागू द्या.